राजाचा कान, दगडाचा सूर

राजा नाही, दरबार नाही, पगार देणारा खजिनाही नाही. तरी दरबारी वाद्यवृंद वाजतोच आहे. सेऊलमध्ये मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जोंगम्यो या राजघराण्याच्या पितृमंदिरात लाल झगे घातलेले वादक ओळीने बसतात. दगड किणकिणतात, घंटा घुमतात, लाकडी वाघाच्या पाठीवरून बांबू फिरतो आणि जोसॉन घराण्याच्या पितरांना पाचशे वर्षांपूर्वीचं संगीत ऐकवलं जातं.

हे संगीत आपोआप टिकलेलं नाही. ते अनेकदा मोडलं आणि दर वेळी कुणीतरी जुने कागद उघडून, मोजमापं घेऊन, मुलांना हाताशी धरून पुन्हा उभं केलं. त्या खटाटोपातल्या या चटकदार गोष्टी.

१. आहेरात आलेला वाद्यवृंद

गोष्ट सुरू होते १११६ मध्ये. चीनच्या सोंग घराण्याचा सम्राट हुइझोंग याने कोरियाच्या गोर्यो दरबाराला भेट म्हणून चक्क वाद्यवृंद पाठवला. त्यात घंटा, दगड, बासऱ्या, तंतुवाद्यं, नर्तकांचं साहित्य असं सगळं होतं. या विधिसंगीताचं नाव ‘आआक’, म्हणजे ‘शिष्ट संगीत’. पुढच्या तीन शतकांत स्वाऱ्या झाल्या, वाद्यं फुटली, हरवली, उरलेली बेसूर झाली. पंधराव्या शतकात जोसॉन घराण्याचा राजा सेजोंग गादीवर आला, तेव्हा पितरांपुढे जे वाजत होतं ते मूळ संगीताची सावली होती. सेजोंगने पाक योन नावाच्या विद्वान अधिकाऱ्याला कामाला लावलं: जुने ग्रंथ वाच, खरा सूर शोध, वाद्यं नव्याने घडव. जगातल्या अगदी सुरुवातीच्या ‘संगीत संशोधन प्रकल्पां’पैकी हा एक म्हणायला हवा.

२. नव्वद दाण्यांचा षड्ज

खरा सूर शोधायचा कुठे? ध्वनिमुद्रण नाही, ट्यूनर नाही. प्राचीन चिनी ग्रंथांनी उत्तर देऊन ठेवलं होतं: शेतात! वरीच्या जातीच्या काळ्या धान्याचे मध्यम आकाराचे नव्वद दाणे एका रांगेत मांडायचे. जी लांबी भरेल, तेवढी बांबूची नळी कापायची. ती फुंकल्यावर निघेल तो ‘ह्वांगजोंग’, म्हणजे पायाचा सूर. बाकी सगळे सूर त्यावरून काढायचे.

१४२५ मध्ये हेजू गावात असं धान्य पिकलं आणि पाक योन खूश झाला. नळी कापली, फुंकली, पण सूर चिनी दगडांपेक्षा चढा निघाला. दाणे बारीक होते, त्यामुळे नळी आखूड झाली होती. मग त्याने मेणाचे, किंचित मोठे दाणे वळले, पुन्हा मांडले, पुन्हा नळी कापली आणि सूर जुळवला. ग्रंथ म्हणतो ते करून पाहायचं, कानाला पटेना तर दुरुस्त करायचं. ही शिस्त पुढे साडेपाचशे वर्षं या संगीताच्या कामी आली.

३. दगडच का?

या वाद्यवृंदाचा कणा म्हणजे ‘प्यॉनग्यॉंग’. चौकटीला टांगलेले सोळा दगड, प्रत्येक दगड सुताराच्या गुण्यासारखा कोनात वळलेला. गंमत अशी की सोळाही दगडांचा आकार सारखाच, फरक फक्त जाडीत. जाड दगड वरचा सूर देतो, पातळ दगड खालचा. जोडीला सोळा घंटांचं ‘प्यॉनजोंग’, तिथेही आकार तोच आणि फरक जाडीचाच.

थंडी असो की उन्हाळा, दगडाचा सूर हलत नाही. तार सैल पडते, बांबू तडकतो, चामडं ओलावतं, दगड मात्र आपल्या जागी ठाम. म्हणून बाकीची वाद्यं त्याच्याशी सूर जुळवतात. आपल्याकडे तंबोऱ्याला जो मान, तो इथे दगडाला.

असा नाद देणारा दगड कोरियात मिळतच नाही, असं वाटत असतानाच १४२६ मध्ये नामयांग इथे तो सापडला. धान्य देणारं हेजू आज उत्तर कोरियात आहे आणि दगड देणारं नामयांग दक्षिणेत. एका वाद्यवृंदाची बीजं आज सरहद्दीच्या दोन बाजूंना आहेत.

४. शाईची रेघ

आता या साऱ्या कहाणीतला सर्वात लाडका किस्सा. तो खुद्द राजघराण्याच्या बखरीत नोंदलेला आहे.

नवे दगड तयार झाले. राजापुढे एकेक वाजवून दाखवला जात होता. सेजोंग शांतपणे ऐकत होता. मधेच त्याने थांबवलं. ‘इछिक’ नावाच्या सुराचा दगड जरासा चढा का लागतोय, असं त्याने विचारलं. पाक योनने दगड उचलून नीट पाहिला. घासायची हद्द दाखवणारी शाईची रेघ अजून दगडावर शिल्लक होती! कारागिराचं घासणं थोडं उरलं होतं. दगड रेघेपर्यंत घासला, पातळ झाला, सूर उतरून जागेवर आला.

शाईच्या रेघेएवढी चूक ओळखणारा राजा आणि राजाला ती चूक काढू देणारा दरबार, दोन्ही दुर्मीळच.

५. जिवंतपणी एक, मेल्यावर दुसरं?

एवढी मेहनत करून चिनी संगीत जसंच्या तसं उभं केल्यावर सेजोंगच्या मनात वेगळाच प्रश्न आला. १४३० मध्ये त्याने तो बोलूनही दाखवला: आपली माणसं जिवंतपणी आपलं देशी संगीत ऐकतात, मग मेल्यावर त्यांना परक्या देशाचं संगीत का ऐकवायचं?

पितरांना त्यांच्या आवडीचाच नैवेद्य दाखवावा, हे आपल्या घरातलं शहाणपण. सेजोंगनेही तोच विचार केला. १४४९ च्या नोंदीनुसार तो हातातली काठी जमिनीवर आपटून ताल धरायचा आणि एका संध्याकाळीत रचना बसवायचा. त्यातून ‘बोतेप्योंग’ आणि ‘जॉंगदेऑप’ या दोन मालिका तयार झाल्या. पहिली पूर्वजांच्या राज्यकारभाराचं गुणगान करणारी, दुसरी त्यांच्या पराक्रमाचं. सेजोंगच्या हयातीत त्या पितृमंदिरात पोचल्या नाहीत. त्याचा मुलगा राजा सेजो याने १४६४ मध्ये त्या जोंगम्योच्या विधीत आणल्या. आज मे महिन्यात वाजतात त्या याच, प्रत्येकी अकरा रचनांच्या.

६. वेळ बसवला चौकटीत

सूर लिहायची सोय तेव्हाही होती, पण सूर किती वेळ धरायचा, हे लिहायचं कसं? सेजोंगच्या काळात त्यावर ‘जॉंगगानबो’ हा तोडगा निघाला. वरून खाली चौकोनांची उभी रांग, प्रत्येक चौकोन म्हणजे वेळेचं एक माप. सुराचं नाव चौकोनात, आणि रिकामा चौकोन असेल तर आधीचा सूर पुढे चालू. सुरुवातीला एका रांगेत बत्तीस चौकोन होते, सेजोने ते सोळावर आणले. पूर्व आशियात सुरांची लांबी दाखवणारी ही पहिली लिपी मानली जाते.

सोळा चौकोन म्हटल्यावर आपल्याला त्रितालाच्या सोळा मात्रा आठवणारच! तालाचा हिशोब मात्र वेगळा. कोरियातले विद्यार्थी आजही हे चौकोन वाचूनच दरबारी संगीत शिकतात.

७. सुरुवात पेटीने, शेवट वाघाने

रचना सुरू झाली हे श्रोत्याला कसं कळायचं? ‘छुक’ नावाची हिरवट-निळी लाकडी पेटी असते. तिच्या वरच्या भोकातून दांडा आत आपटला की सुरुवात. आणि शेवट? तिथे ‘ओ’ नावाचा बसलेला पांढरा लाकडी वाघ. त्याच्या पाठीवर सत्तावीस दाते. नऊ चिरा पाडलेल्या बांबूने आधी त्याच्या डोक्यावर तीनदा मारायचं, मग पाठीवरून खर्रकन ओढायचं. संपलं!

पेटी पूर्वेला, वाघ पश्चिमेला. पूर्व म्हणजे उगवती आणि वसंत, पश्चिम म्हणजे मावळती आणि शरद. याखेरीज सहा लाकडी पट्ट्यांचा ‘बाक’ वाजवणारा असतो. एक टाळी म्हणजे चला, तीन टाळ्या म्हणजे थांबा.

८. माठही वाद्य, मातीही वाद्य

जुन्या शास्त्रानुसार वाद्यवृंदात आठ पदार्थांचे नाद असायला हवेत: धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, चामडं आणि लाकूड. रेशीम म्हणजे तारा. भोपळा ‘सेंग’ या तोंडाने वाजवायच्या सतरा नळ्यांच्या वाद्यात. मातीतून ‘हुन’ ही पोकळ शिट्टी आणि ‘बू’ नावाचा चक्क माठ, जो फोडलेल्या बांबूने वाजवतात. आपल्या घटम वादकांना हा भाऊबंद पाहून आनंदच होईल. आठातला एकही पदार्थ नसेल तर सृष्टी अपुरी राहते, अशी समजूत.

९. पाक योनची दुसरी मोठी कामगिरी

दरबारात अंध वादकांचं एक पथक होतं. वादक दृष्टिहीन, पण कान तयार. त्यांना मिळणारा मोबदला तुटपुंजा होता. पाक योनने १४३१ च्या सुमारास राजाकडे अर्ज केला. प्राचीन काळच्या राजांनीही अंधांना संगीतात मानाचं स्थान दिलं होतं, जगात टाकून देण्याजोगा माणूस कुणीच नसतो, म्हणून या वादकांना वेतन मिळायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. सूर जुळवणारा हा माणूस माणसांचाही विचार करत होता, हे कळल्यावर त्याच्याबद्दलचा आदर दुप्पट होतो.

१०. दगड फोडाल तर शंभर फटके

प्यॉनग्यॉंगची किंमत कायद्यालाही ठाऊक होती. हे दगड फोडणाऱ्याला शंभर फटके आणि वर आणखी शिक्षा! साहजिकच आहे. एक दगड फुटला की सगळ्या दरबाराचा सूर अनाथ झाला.

११. मापं, चित्रं आणि नागोयातली प्रत

१४९३ मध्ये सॉंग ह्योन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘आखाक ग्वेबॉम’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात नऊ खंड होते. कोणतं वाद्य किती लांब, कोणत्या लाकडाचं, वादक कुठे बसायचा, नर्तकाचा पोशाख कसा शिवायचा, कोणत्या पावलावर वळायचं, हे सगळं चित्रांसकट.

सॉंग ह्योनला कल्पना नसेल, की या ग्रंथावर पुढे केवढी जबाबदारी येणार आहे. १५९२ मध्ये जपानी फौजा चालून आल्या. जोंगम्यो जळालं, वादक पांगले, वाद्यं गेली. मंदिर १६०८ मध्ये पुन्हा उभं राहिलं, ग्रंथ १६१० मध्ये पुन्हा छापला गेला आणि त्याच्या आधाराने संगीतही पुन्हा उभं राहू लागलं. युद्धाआधी छापलेली एक प्रत आज जपानमध्ये, नागोयाच्या होसा ग्रंथालयात जपलेली आहे. ज्या देशाच्या स्वारीत संगीत उद्ध्वस्त झालं, त्याच देशात त्या संगीताची जुनी किल्ली सापडावी, हे इतिहासाचं विलक्षण वळण.

१२. सुताराचंही नाव लिहिलेलं

जोसॉन दरबाराला हिशोब ठेवण्याचं वेड होतं. लग्न, मेजवानी, अंत्ययात्रा, वाद्यं घडवणं, प्रत्येक मोठ्या कामानंतर ‘उइग्वे’ नावाचं दप्तर तयार व्हायचं. किती तांबं लागलं, दगड कुठून आला, कुणी घासला, कुणी रंगवला, सगळं त्यात. १७४५ मध्ये राजवाड्यासाठी घडवलेल्या वाद्यांचं स्वतंत्र दप्तर आहे, १८०४ मधलंही आहे. मिरवणुकीच्या चित्रांत एकेक वादक त्याच्या वाद्यासह रंगवलेला. आजचा अभ्यासक त्या चित्रात बोट ठेवून सांगतो: इथे दोन बासऱ्या होत्या, तिथे एक ढोल.

१८६६ मध्ये फ्रेंच आरमाराने गांग्हवा बेटावरून अशी दप्तरं पळवली. दीर्घ पाठपुराव्यानंतर त्यांतले २९७ खंड २०११ मध्ये उसनवारीच्या कराराने कोरियात परतले. २००७ मध्ये युनेस्कोने उइग्वेंना जागतिक स्मृतींच्या यादीत स्थान दिलं होतंच.

१३. राजापुढे नाचलेला चौदा वर्षांचा मुलगा

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. दरबार संपला, वादकांची संख्या झपाट्याने घटली. तेव्हा उरलेल्या गुरूंनी १९१९ मध्ये मुलं निवडून त्यांना रीतसर शिकवायला सुरुवात केली. कागद होता, पण कागदाला गळा नसतो आणि मनगटही नसतं.

त्या मुलांपैकी एक किम छॉन-हुंग. १९०९ चा जन्म. १९२३ मध्ये शेवटचा सम्राट सुनजोंग याच्या पन्नाशीच्या सोहळ्यात तो नाचला. पुढे तो मुलगा वादक, नर्तक आणि गुरू झाला, आणि जुने ग्रंथ समोर ठेवून त्यांनी विस्मरणात गेलेली दरबारी नृत्यं एकामागून एक उभी केली. २००७ मध्ये ते गेले. राजवाड्यात नाचलेली पावलं एकविसाव्या शतकातल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, ती त्यांच्यामुळे.

१४. एका चटईएवढा रंगमंच

किम यांच्या नावाशी जोडलं गेलेलं एक नृत्य म्हणजे ‘छुनेंगजॉन’, वसंतातल्या हळद्या पक्ष्याचं नृत्य. १८२८ मध्ये युवराज ह्योम्यॉंगने आईच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी ते बसवलं. अंगात पिवळा पोशाख, लांबलचक बाह्या, आणि सगळं नृत्य एका फुलांच्या चटईवर. पाऊल चटईबाहेर टाकायचं नाही! युवराज अवघ्या एकविसाव्या वर्षी वारला, पण त्या वर्षांतल्या मेजवान्यांची दप्तरं राहिली. त्यांवरून आज सबंध मेजवान्या रंगमंचावर पुन्हा मांडल्या जातात.

१५. युद्धात उघडलेलं दार

कोरियन युद्ध पेटलेलं, सेऊल उद्ध्वस्त, निर्वासितांनी भरलेलं बुसान बंदर. अशा वेळी १० एप्रिल १९५१ रोजी तिथे राष्ट्रीय गुगाक केंद्र सुरू झालं. ‘गुगाक’ म्हणजे देशी संगीत. लोकांना भाताची भ्रांत असताना दरबारी संगीताची संस्था उघडणं हा वेडेपणा वाटेल. पण जुन्या पथकातले वादक विखुरले असते, तर पुन्हा एकत्र आलेच नसते. १९५९ मध्ये सेऊल राष्ट्रीय विद्यापीठात देशी संगीताचा विभाग निघाला. तो उभा करण्यात ली हे-गू या संगीतज्ञाचा मोठा वाटा होता. १९६४ मध्ये जोंगम्योचं संगीत देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नोंदलं गेलं, २००१ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेचा अमूल्य ठेवा म्हटलं. सेजोंगच्या काळातली १४३३ ची दरबारी मेजवानीही केंद्राने ग्रंथांवरून पुन्हा उभी करून दाखवली.

१६. सनईची बहीण आणि बीटीएस

राजाची स्वारी निघाली की ‘देछ्विता’ वाजायचं. त्यात शंख, लांब पितळी कर्णा, झांजा, ढोल, आणि सुरावट धरणारं एकच वाद्य, ‘तेप्योंगसो’. त्याला ‘सेनाप’ असंही नाव आहे. तोच फारसी ‘सुर्ना’ शब्द, ज्याच्या कुळातली आपली सनई. आपल्या लग्नमांडवातली सनई आणि कोरियन राजाच्या पुढे वाजणारं तेप्योंगसो या सख्ख्या नाहीत, तरी चुलतबहिणी नक्कीच.

२०२० मध्ये बीटीएस या कोरियन पॉप गटातल्या सुगाने ‘अगस्ट डी’ या नावाने ‘देछ्विता’ हेच शीर्षक असलेलं रॅप गाणं आणलं आणि त्यात खरं देछ्विता वापरलं. आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांनी ते इअरफोन लावून ऐकलं, आणि नकळत जोसॉनच्या राजाची मिरवणूक त्यांच्या कानांतून गेली.

१७. आपल्या घरातली दप्तरं

हे सगळं वाचताना मन तंजावरला जातं. तिथल्या मराठा राजांनी संगीत-नृत्यावर जीव टाकला. दुसरे सरफोजी राजे, कारकीर्द १७९८ ते १८३२, यांच्या नावावर मराठीतली नृत्यनिरूपणं आहेत. ती सरस्वती महाल ग्रंथालयाने ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने छापली आहेत. भरतनाट्यमचा क्रम घडवणारे चार तंजावरकर बंधू याच दरबाराच्या आश्रयाला होते. त्यांचे वंशज गुरू किट्टप्पा पिल्लै यांच्याकडे शिकून पुण्याच्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी राजांच्या रचना अभ्यासल्या आणि रंगमंचावर आणल्या. इथेही वाट तीच: आधी पोथी, मग गुरू, मग पावलं.

आणि शेवटी पुन्हा तीच रेघ

सेजोंगच्या दगडावर राहिलेली ती शाईची रेघ आठवा. ग्रंथ, मापं, दप्तरं, चित्रं म्हणजे दगडावर आखलेली रेघ. ती नसेल तर कुठे थांबायचं हे कळत नाही. पण नुसती रेघ कधी वाजत नाही. तिथवर दगड घासत जाणारा हात लागतो, आणि सूर जरा चढा लागतोय हे ओळखणारा कान. कोरियाने रेघही जपली, हातही तयार केले आणि कानही. म्हणून मे महिन्यातल्या त्या रविवारी वाघाच्या पाठीवरून बांबू खर्रकन फिरतो, रचना संपते, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरू होणार याची तिथे बसलेल्या प्रत्येकाला खात्री असते.